आडाळो, जलरंग, १९७१

२०२३ सालच्या नोव्हेंबरची चोवीस तारीख, शुक्रवार. त्या सकाळी मालवणच्या एका हायस्कुलात सत्यवान मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन उघडलं. मास्तरांनी त्या शाळेत तेहेतीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं होतं आणि त्यांना जाऊनही आता चौदा वर्षं झाली होती. रविवारी शाळेच्या नव्या चित्रकला दालनाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी तयार होती, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद चिकटवून ती झाकून ठेवली होती.

मास्तरांच्या पत्नी आनंदीबाई वायरीहून मुलाच्या गाडीतून आल्या. वय सत्त्याहत्तर, गुडघे दुखरे, पण नजर अजून शाबूत. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर त्यांना बसवलं, हातात गुलाबाचं फूल दिलं. मुलगा दत्तप्रसाद मागे उभा राहून सगळ्यांना हात जोडत होता. त्याची मुलगी तन्वी मुंबईला चित्रकला शिकत होती. तिनेच दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडून आजोबांचे कागद बाहेर काढले होते, पुसून चौकटी लावल्या होत्या आणि प्रत्येकाखाली छापील चिठ्ठी लावली होती. आनंदीबाईंना तिने काही आधी दाखवलं नव्हतं. आजीला एकदम सगळं भिंतीवर बघू दे, असं तिचं म्हणणं.

भिंतीवर समुद्रच समुद्र होता. होड्या, काही वाळूत उलथून ठेवलेल्या, जाळी, कर्लीची खाडी, किल्ल्याची ओहोटीच्या वेळची तटबंदी. मालवणात मास्तरांना लोक समुद्राचे चित्रकार म्हणत, आणि आनंदीबाईंनाही त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. घरातली एकही वस्तू या माणसाने कधी कागदावर घेतली नाही, याचा त्यांनी विचार केला नव्हता.

शेवटच्या भिंतीवर मात्र एकच चित्र वेगळं होतं, आणि पाहुणे म्हणून आलेले कोल्हापूरचे चित्रकार त्याच्यासमोरच येऊन थांबले. बाकीचेही मग तिथेच गोळा झाले. आनंदीबाईंना तन्वीने हाताला धरून नेलं. खाली चिठ्ठी होती, ‘आडाळो, जलरंग, १९७१’.

आडाळो म्हणजे विळी. खाली जाड लाकडी पाट, त्यात पक्कं बसवलेलं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती. कोकणात घरोघर असते तशीच. पण ही विळी कुठलीही नव्हती, ती आनंदीबाईंच्या घरातली होती. चकतीचा एक दाता तुटलेला होता, तो चित्रातही तुटलेला होता. पाटावर बसणाऱ्या बायांच्या दोन पिढ्यांनी लाकूड झिजवून जो खळगा केला होता, तोही होता, आणि त्यात साचलेल्या तेलकट काळेपणाला किंचित तांबूस झाक होती. मागे चुन्याची भिंत, खाली सारवलेली जमीन, बाजूला अर्धी खवलेली नारळाची कवड. आनंदीबाई बघत राहिल्या. या माणसाने आपल्या रोजच्या वापरातली वस्तू इतकं लक्ष देऊन कधी पाहिली असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एरवी जेवताना ताटात काय आहे हेही ज्याला बघायची शुद्ध नसे, त्याने पाटाच्या कडेला पडलेली भेगसुद्धा सोडली नव्हती. 

पाहुणे बोलत होते. पात्यावरच्या गंजाकडे त्यांनी बोट केलं आणि म्हणाले की नवशिक्या माणूस इथे एकच तपकिरी रंग फासून मोकळा होतो, मास्तरांनी तीन रंग ओल्यात ओले सोडून आपोआप मिसळू दिलेत. पात्याची धार त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवली.

“ही चकाकी बघा. पांढरा रंग कुठेच लावलेला नाही. नुसता कागद सोडलाय. आणि विळी उभी केलीय. आपल्या आया-बहिणी काम झालं की ती आडवी करून ठेवतात, पण आडवी असती तर ही रेषा मिळाली नसती. मास्तरांनी मुद्दाम उभी करून पातं उजेडात आणलं.”

मग ते खालच्या उजव्या कोपऱ्यावर आले. तिथे जमिनीवर विळीची सावली पडायला हवी होती. पेन्सिलीची रेघ होती, पण रंग नव्हता. राखाडी रंगाचा एक फटकारा सुरू होऊन मध्येच संपला होता.

“आणि इथे त्यांनी हात उचलला,” पाहुणे म्हणाले. “सावली पुरी केली नाही. कुठे थांबायचं ते ज्याला कळतं, तोच खरा जलरंगातला माणूस.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी मोबाइलवर कोपऱ्याचा फोटो घेतला. आनंदीबाईंनी त्या अर्धवट फटकाऱ्याकडे पाहिलं आणि तिथेच, बारीक अक्षरात, मास्तरांच्या वळणदार हाताने लिहिलेली तारीख वाचली. २१.११.७१.

त्यांनी ती दोनदा वाचली. मग तन्वीला म्हणाल्या की खुर्ची आण.

ती तारीख त्यांना विसरणं शक्य नव्हतं. तो रविवार होता. त्यांची पहिली मुलगी, शेवंती, त्या दिवशी गेली. तीन वर्षांची होती.

तेव्हा घरात चौघंच होती. मास्तर, आनंदी, शेवंती आणि मास्तरांची विधवा भावजय तुळसा. मास्तरांचे थोरले बंधू मुंबईत गोदीवर कामाला होते, तिथेच अपघातात गेले. तुळसा तेव्हा चोवीस वर्षांची, मूलबाळ नाही. ती वायरीलाच राहिली. स्वयंपाक तिच्याकडे, त्यामुळे विळीही तिच्याकडे. मागच्या पडवीत तिची जागा ठरलेली. शेवंती तिच्याच पाठीवर वाढली, तिच्याच ताटात जेवली.

त्या रविवारी आनंदी सकाळी मासळीबाजारात गेली होती. तुळसा नारळ अर्धा खवून, कपड्यांची बालदी घेऊन व्हाळावर, ओढ्याला, गेली होती. मास्तर समुद्रावर चित्र काढायला गेले होते, निदान तसं त्यांनी नंतर सांगितलं. आनंदी परत आली तेव्हा शेजारणी खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जमल्या होत्या. शेवंती धावत पडवीत गेली होती आणि उभ्या विळीवर पालथी पडली होती. मान. दवाखान्याकडे नेलं, पण अर्ध्या वाटेतच सगळं झालं होतं.

आता हे कोकणाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. विळीवरून उठणारी बाई आधी विळी आडवी करते, पातं भिंतीकडे करते, मग उठते. हे शिकवावं लागत नाही, चार वर्षांची पोरसुद्धा करते. आणि पुरुष विळीला हात लावत नाही. पाणी पिण्यासाठी तांब्या घेईल, चुलीत लाकूड सारील, पण विळी ही बाईची. म्हणून विळी उभी सापडली तेव्हा ती कुणी उभी ठेवली हे कुणी विचारलंच नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. घरात विळीवर बसणाऱ्या बाया दोन, त्यातली एक बाजारात.

तुळसा सांगत राहिली की मी आडवो करून ठेवललंय. व्हाळावरून ती ओल्या लुगड्यानेच धावत आली होती आणि सगळ्यांच्या पुढे तेच तेच सांगत होती. तेव्हा आनंदी उठली आणि वाडीतल्या सगळ्या बायकांच्या देखत तिला म्हणाली, “तुका पोर नाय, म्हणान माझा खाल्लंस.”

त्यानंतर तुळसा बोलली नाही. बाराव्या दिवशी तिचा भाऊ कसालहून येऊन तिला घेऊन गेला. मास्तरांनी तिची ट्रंक स्वतः डोक्यावर घेऊन एसटीपर्यंत पोचवली. आनंदीला तेव्हा राग आला होता. मग वाटलं, देवमाणूस आहे, त्याला कुणाचा द्वेष करता येत नाही.

शाळेच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या आनंदीबाईंना आणखी एक गोष्ट आठवली. मास्तरांची रंगाच्या पाण्याची एक बरणी होती, रुंद तोंडाची, काचेची. समुद्रावर जाताना ती पिशवीत असायचीच. त्या दिवशी शेवंतीच्या तोंडावर पाणी मारायला एका शेजारणीने बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, कठड्यावरून काय उचललं होतं? तीच बरणी. ताज्या, स्वच्छ पाण्याने भरलेली. आनंदीने स्वतः त्यातलं पाणी पोरीच्या ओठांवर सोडलं होतं. मास्तर जर समुद्रावर होते, तर बरणी बावीवर कशी?

सगळं मग एका मागोमाग आलं. घरात कुणी नाही, पोर झोपलेली. पडवीत सकाळचं ऊन आलेलं. आडवी पडलेली विळी त्यांनी उभी केली, समोर बसून रंगवायला घेतली. तुळसाने बाजूला ठेवलेली अर्धी कवडही चित्रात घेतली. सावलीपर्यंत आले तेव्हा पाणी गढूळ झालं. ते बदलायला मास्तर घरापुढच्या बावीवर गेले. पुरुष माणूस. विळी आडवी करून उठायचं, हे त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. मग शेजारणी जमायच्या आत कागद आणि रंग त्यांनी उचलले असणार, बरणी तेवढी बावीवरच राहिली.

पाहुणे अजून त्या कोऱ्या कोपऱ्याबद्दलच बोलत होते.

घरी आल्यावर आनंदीबाईंनी दत्तप्रसादला सांगितलं. तो शेवंती गेल्यावर दोन वर्षांनी जन्मला, बहिणीचा फोटोसुद्धा त्याने नीट बघितलेला नव्हता. त्याने ऐकून घेतलं, मग म्हणाला की तारखेवरून काय कळतं, चित्र आदल्या दिवशीचं असेल आणि तारीख मागाहून घातली असेल.

“बरणी बावीर कशी इली?”

“माका काय म्हायत? माझो तेवा जल्म पण नव्हतो, आये.”

मग तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि समजुतीने बोलू लागला. परवा पाटी लागायची आहे, गावोगावचे विद्यार्थी येणार आहेत, आमंत्रणं गेली आहेत. बाबांनी मुद्दाम तर केलं नाही. त्यांनाही मुलगी प्यारी होती. आणि कसालची काकी आता ऐंशीची, तिला ऐकू येतं की नाही तेही माहीत नाही. या वयात हे उकरून कुणाचं भलं होणार?

“एका म्हाताऱ्या बायसाठी बाबांचा नाव मातयेत घालतलंस?” शेवटी तो म्हणालाच.

“तिच्यासाठी नाय,” आनंदीबाई म्हणाल्या. “मी बोललंय ता माकाच परत घेवचा आसा. माझ्यामागसून कोण घेतलो? तू?”

तो उठून बाहेर गेला. गाडी देणार नाही म्हणाला नाही, पण चावी खिशात घालून गेला.

तन्वी दाराशी उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा पार उतरला होता. आजोबांचं हे चित्र तिला सगळ्यांत आवडलेलं होतं, तिनेच पाहुण्यांना पत्र लिहून त्याच्यासाठी बोलावलं होतं.  शनिवारी सकाळी ती शाळेत गेली, शिपायाला काहीतरी सांगितलं आणि चित्र भिंतीवरून काढून, टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. आजी-नात एसटी स्टँडवर आल्या आणि कसालच्या गाडीत बसल्या. चौके गेलं, कट्टा गेलं. आनंदीबाई वाटभर मांडीवरचं चित्र दोन्ही हातांनी धरून होत्या. या रस्त्याने त्या यापूर्वी कितीदा तरी गेल्या होत्या, कसालला उतरल्या मात्र एकदाही नव्हत्या.

तुळसाच्या भावाचं घर हायवेपासून थोडं आत होतं. भाऊ वारला होता. त्याची बायको हौसाबाई दारातच भेटली, तिने ओळखलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली, पण पाणी आणून दिलं. तिची सून भक्ती आत चार महिन्यांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. भक्तीचा नवरा सर्वेश कामावर गेला होता. तुळसा पडवीच्या टोकाला, उन्हात, सुपात कुळीथ निवडत बसली होती. इतकी बारीक झाली होती की आनंदीबाईंना आधी कुणी दुसरीच वाटली.

“कोण गो ता?” तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं.

“मी आनंदी, वयनी. वायरेची.”

तुळसाचे हात सुपातच थांबले.  मग हौसाबाईला म्हणाली की तिका बसाक काय तरी दी.

तन्वीने टॉवेल सोडून चित्र तिच्यासमोर धरलं. तुळसाने ते ओढून घेतलं, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग लांब धरलं. तिची नजर अजून कामाची होती.

“ह्यो आपलो आडाळो,” ती म्हणाली. चकतीच्या तुटक्या दात्यावर तिने बोट ठेवलं. तो दाता तिनेच तोडला होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी, एका निबर नारळावर, आणि सासूने तेव्हा काय काय ऐकवलं होतं तेही तिने सांगितलं. सांगताना ती थोडी हसली. पाटातला खळगा तिने बोटाने चाचपला, जणू तो खोलगट लागेल. कवड बघून म्हणाली की खोबरा किती जाड आसा बघ, तो आपल्या आवाटातल्या, घरामागल्या माडाचो नारळ. “भावोजींनी काढल्यानी? बरो काढल्यानी गो. हात फिरवूचो वाटता.”

आनंदीबाईंनी यासाठी मनाची तयारी केली नव्हती. ती शिव्या देईल, तोंड फिरवील, हाकलून देईल, एवढंच त्यांनी धरलं होतं. त्या म्हणाल्या, “वयनी, खाली तारीख आसा.”

तुळसाला अक्षरं लागेनात. भक्तीने येऊन वाचली.

मग आनंदीबाई उभ्या राहिल्या. खांबाला धरलं. “हौसाबाई, भक्ती, तुमी पण आयका. एकाहत्तर सालात मी सगळ्या वाडीसमोर बोललंय, हिणा माझा चेडू, माझी शेवंती, खाल्ल्यान म्हणान. ता खोटा होता. आडाळो हिणा आडवोच ठेवललो. माझ्या घोवान चित्रासाठी उभो केल्यान, तसोच टाकून गेलो, नि मगे जल्मभर गप ऱ्हवलो. मी बोललंय ता परत घेतंय.”

बरणीचं, बावीचं, सगळं त्यांनी सांगितलं.   तुळसा चित्राकडेच बघत होती.

“पयल्या वर्सा मी सगळ्यांका सांगी,” ती म्हणाली. “आडवो करून ठेवललंय म्हणान. कोण आयकाक नाय. मगे मगे माकाच दिसाक लागला. मी उठतंय, आडाळो तसोच उभो, नि मी बालदी घेवन चलतंय. रोज दिसता. आता पण दिसता. नि तू सांगतंस, तसा झालाच नाय.”

“झालाच नाय, वयनी.”

“मग माका दिसता ता काय?”



तुळसाने चित्र सुपावर ठेवलं. दर मे महिन्यात मास्तर इथे यायचे, तिने सांगितलं. हे आनंदीबाईंना माहीत होतं, देवगडच्या आंब्यांची पेटी जायची आणि त्या दरवर्षी कुरकुरायच्या. पण ते किती वेळ थांबायचे, हे त्यांना माहीत नव्हतं. पेटी ठेवायचे, पाणी प्यायचे आणि त्या खांबापाशी तासभर बसून राहायचे. बोलायचे नाहीत. मरेपर्यंत आले, पाय सुजले होते तेव्हाही आले.

“माका वाटा,” तुळसा म्हणाली, “जगान माका दोस लावलो, पण जेचा चेडू गेला त्या बापान माफ केल्यान. त्याच्यार मी जगलंय गो, आनंदी. दुसरा काय होता माझ्याकडे? आज तू इलंस नि ता पण काढून घेतलंस.”

हौसाबाईने पदर तोंडाला लावला. तिने तुळसाला या घरात कधी उपाशी ठेवलं नव्हतं, कधी वाईट बोलली नव्हती. पण विळीवर तिला बसू दिलं नव्हतं, आणि घरातलं मूल तिच्या हातात दिलं नव्हतं. सर्वेश रांगता असताना तुळसा जवळ आली की ती त्याला उचलून आत न्यायची. सून आल्यावर तिने सुनेलाही सांगून ठेवलं होतं. गोठा तुळसाकडे, काजू वेचणं तुळसाकडे, मूल नाही. बावन्न वर्षांत त्यावर कधी भांडण झालं नाही, कारण तुळसाने कधी मागितलंच नाही.

आता तिने मागितलं. भक्तीकडे बघून म्हणाली, “माझ्या मांडयेर दी तिका. जरा.”

भक्तीने सासूकडे पाहिलं. हौसाबाई हळूच म्हणाली, “दी.”

तुळसाने सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले, पुन्हा पुसले आणि मांडी सावरून बसली. भक्तीने मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. मुलगी जागी होती, मुठी हलवत होती. तुळसा तिच्याकडे बघत राहिली, पण तिचे हात वरच राहिले, हवेत, मुलीपासून वीतभर लांब. ते खाली येईनात.

“धर गो, आते,” भक्ती म्हणाली. “पडात ती.”

तुळसाने प्रयत्न केला. एक हात मुलीच्या डोक्यापर्यंत गेला आणि कापायला लागला, तो तिने मागे घेतला. मुलगी कुशीवर वळायला लागली आणि रडू लागली. भक्तीने वाकून तिला उचललं. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा झालं नसेल.

“ऱ्हवांदे,” तुळसा म्हणाली. “हातांक सवय नाय.”

तिने सूप पुन्हा ओढून घेतलं आणि कुळीथ निवडायला लागली. आनंदीबाई तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी तिच्या पायाला हात लावला, तो तिने बाजूला केला नाही, पण वर बघितलंही नाही. चहा झाला, तो कुणी प्यायला नाही. दुपारच्या गाडीने दोघी परत निघाल्या तेव्हा चित्र तिथेच राहिलं होतं, आणि ते परत मागायचं तन्वीच्याही मनात आलं नाही.

रविवारी पाटी लागली. आनंदीबाई गेल्या नाहीत. त्यांनी मुख्याध्यापिकेला दोन पानी पत्र लिहून सगळं कळवलं होतं. शाळेच्या समितीने ते वाचलं, ही घरातली बाब आहे असं ठरवलं आणि पत्र परत पाठवून दिलं. दालनाला मास्तरांचं नाव आजही आहे.

तुळसा त्यानंतर साडेचार महिन्यांनी, चैत्रात गेली. मरण्याआधी तिने मूल पुन्हा मागितलं नाही. भक्ती स्वतःहून मुलीला घेऊन तिच्या शेजारी बसायची, पण तुळसा नुसती बघायची. कधी कधी भक्तीला म्हणायची की आडाळो उभो ठेवलंय गो मी, बघून ये. हे भक्तीने आनंदीबाईंना फोनवर सांगितलं. आनंदीबाई दिवसकार्याला कसालला गेल्या आणि बायकांच्या मागे, शेवटी बसल्या.

हौसाबाईने शेजारपाजारी खरी हकिकत सांगितली. पण ज्यांनी पहिली गोष्ट ऐकली होती, मुलांना तुळसापासून लांब ठेवलं होतं, त्या बाया बहुतेक मेल्या होत्या. तरुणांना कुणाबद्दल चाललंय तेच कळेना. चित्राची चौकट हौसाबाईने काढून घेतली, तिच्यात सर्वेशच्या वडिलांचा फोटो लावला. कागद कपाटात गेला. पावसाळ्यात त्याला बुरशी आली.

तन्वीने जलरंग सोडले. पुण्यात एका छपाईच्या कंपनीत ती पुस्तकांची मुखपृष्ठं करते, सगळं संगणकावर. मालवणला वर्षातून एकदा येते.

दत्तप्रसाद सहा महिने आईशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, औषधं, वीजबिल, डॉक्टरची वेळ, इतपत. पुढच्या वर्षी त्याने कुडाळला बदली करून घेतली आणि बायकोला घेऊन तिकडेच घर केलं. सणाला येतो.

आनंदीबाई वायरीला एकट्या असतात. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. शाळेतून कुणी नवे मास्तर मास्तरांची माहिती विचारायला आले, तर त्या त्यांना बसवतात आणि सुरुवातीपासून सगळं सांगतात, एकवीस नोव्हेंबरही. वहीत मात्र ते समुद्राच्या चित्रांपुरतंच लिहून घेतात.